‘थांब’ म्हणायचा हक्क: सोलापुरात स्लॅकलाइनचा गट उभा करताना

दोन झाडांच्या मध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन इंच रुंदीचा पट्टा ताणून बांधायचा आणि त्यावर अनवाणी चालायचं, एवढाच हा खेळ. त्याला स्लॅकलाइन म्हणतात. डोंबाऱ्याच्या दोरासारखा हा पट्टा ताठ नसतो. पाऊल पडलं की तो खाली झोळ घेतो, डावीउजवीकडे थरथरतो आणि चालणाऱ्याला दर क्षणी नव्याने तोल शोधायला लावतो. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या प्रस्तरारोहक तरुणांनी चढाईच्या पट्ट्यांवर हा नाद सुरू केला. योसेमिटी खोऱ्यात तो फोफावला, आणि 1985 मध्ये स्कॉट बाल्कम यांनी तिथल्या लॉस्ट अॅरो सुळक्यापर्यंत दरीवरून पट्टा चालून दाखवला. 2015 पासून या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. आपल्याकडे समर फारुकी यांच्यासारख्या हायलाइनरनी हा पट्टा उंचावर नेला. सोलापूर मात्र सपाट पठारावरचं गाव. इथे दऱ्या नाहीत, आणि सुरुवात करणाऱ्याला त्यांची गरजही नाही. दोन दणकट झाडं, एक चांगला पट्टा आणि सहा-सात माणसं एवढ्यावर गट उभा राहतो. तो कसा उभा करावा, हे मनात घोळवणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

अशा गटाबद्दल बोलताना लोक सहसा दोन वेगळ्या याद्या करतात. एक सुरक्षिततेची: पट्टा कसला, गाठ कशी, झाड केवढं. दुसरी आपुलकीची: नव्या माणसाशी हसून बोला, मुलींना संकोच वाटू देऊ नका, कुणाला परकं करू नका. पहिली यादी जाणकारांकडे जाते आणि दुसरी मनमिळाऊ माणसाकडे. माझं म्हणणं असं, की या दोन याद्या वेगळ्या केल्या तिथेच गट धोक्यात येतो. ज्या मैदानावर काल आलेला माणूसही मोकळेपणाने ‘थांबा, हे मला बरोबर दिसत नाही’ म्हणू शकतो, तेच मैदान सुरक्षित. आणि असं म्हणण्याचं धाडस माणसाला तेव्हाच होतं, जेव्हा त्याला आपण इथले आहोत असं वाटतं. स्वागत हा सुरक्षिततेवरचा शिष्टाचाराचा मुलामा नाही; पट्टा आवळणारं रॅचेट आणि तो जोडणारी लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, यांच्याइतकीच ती कामाची वस्तू आहे.

हे पटण्यासाठी पट्ट्यात नेमका किती जोर साठतो ते समजून घ्यायला हवं. अंगणात ओली सोलापुरी चादर वाळत घातलेली दोरी आठवा. दोरी जितकी ताठ, तितका भिंतीतला खिळा लवकर निघतो. सैल दोरी झोळ खाते आणि खिळा टिकतो. पट्ट्याचं गणित तेच. पंधरा मीटर लांबीच्या पट्ट्याच्या मधोमध साठ किलोचा माणूस उभा राहिला आणि पट्टा अर्धा मीटर खाली दबला, तर दोन्ही टोकांना साधारण साडेचारशे किलोचा ताण येतो. तोच पट्टा आणखी आवळला आणि झोळ पाव मीटरवर आला, तर ताण नऊशे किलोवर जातो. माणूस तोच, वजन तेच, फक्त कुणीतरी रॅचेटचा दांडा आणखी काही वेळा मागेपुढे केला. मधोमध कुणी उडी मारली तर हा आकडा क्षणभरासाठी आणखी चढतो. गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडून फार तर घोटा मुरगळेल किंवा मनगट दुखेल. खरा धोका उंचीत नाही, ताणात आहे. पाऊण टनाच्या ताणाखाली एखादा जोड सुटला, तर लोखंडी रॅचेट गोफणीतल्या दगडासारखं पट्ट्याच्या रेषेत भिरकावलं जातं. म्हणून पट्टा ताणताना आणि त्यावर कुणी चालत असताना त्याच्या सरळ रेषेत, झाडामागेसुद्धा, कुणी उभं राहायचं नाही. रॅचेटला मागून झाडाशी बांधणारा दुसरा, सैल जोड-पट्टा घालायचा, म्हणजे मुख्य जोड तुटला तरी लोखंड लांब उडत नाही.

आता हा ताण बिघडवणाऱ्या चुका कोणत्या, ते बघा. रॅचेटच्या आसावर पट्ट्याचे दोन-तीन वेढेही पडलेले नाहीत. दांडा पूर्ण मिटून अडकलेला नाही. झाडाभोवतीचं गोणपाट सरकलंय आणि पट्टा खरखरीत सालीवर घासतोय. बुंध्याभोवतीचा फास कमी पडला म्हणून कुणीतरी त्याला गाठ मारून वाढवलाय. गाठीने पट्ट्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटते. ट्रकमधला माल आवळायचा पट्टा आणला आणि त्याचे उघडे हूक तसेच अडकवले. पट्टा क्षणभर सैल पडला की असा हूक निसटतो. यातली एकही चूक ओळखायला पदवी लागत नाही. लागते ती ताजी नजर. रोज पट्टा बांधणाऱ्याची नजर सरावाने बोथट होते. त्याला जे असायला हवं तेच दिसतं. पहिल्यांदा आलेली मुलगी मात्र वाकून विचारते, ‘हे गोणपाट असं खाली आलेलं चालतं का?’ तिचा प्रश्न गटाला मिळालेली फुकटची तपासणी आहे. ती तो विचारेल की गप्प बसेल, हे मात्र आदल्या अर्ध्या तासात तिच्याशी कोण कसं वागलं त्यावर ठरतं.

मैदानाबाहेरचे दोन दाखले इथे उपयोगी पडतात. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर दोन प्रवासी विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने, समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही का, अशी शंका बोलून दाखवली होती. कॅप्टन कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ. त्यांनी ती शंका उडवून लावली, आणि इंजिनिअरने पुन्हा तोंड उघडलं नाही. दुसरा दाखला शस्त्रक्रियेच्या खोलीतला. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेआधी मोठ्याने म्हणायची एक तपासणी-यादी आणली. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा तिच्यातला एक भाग. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, आणि 2009 मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर, तर गुंतागुंतीचं 11 वरून सातवर आलेलं दिसलं. सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही, यादीत इतरही बाबी होत्या. पण यादी बनवणाऱ्यांनी नाव सांगणं तिच्यात मुद्दाम घातलं, कारण ज्याने खोलीत एकदा तोंड उघडलंय तो दुसऱ्यांदा उघडायला कचरत नाही. तुमच्या मैदानावरही पट्टा ताणण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहून नावं सांगावीत. यात सौजन्य आहेच, त्याहून जास्त तपासणी आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो हलका नाही. आपल्या तालमींत वस्तादाचा शब्द शेवटचा. सोलापुरात पेठापेठांतून तालमी आहेत, आणि तिथली शिस्त त्या एका शब्दावर उभी असते. काल आलेल्या पोराने वस्तादाला थांबवायचं, तर मग शिस्त राहिली कुठे? सगळ्यांना बोलवा, सगळ्यांना बोलू द्या, म्हणजे जत्रा होईल आणि जत्रेत कुणीही काहीही बांधेल. या आक्षेपाचं उत्तर तीन अधिकार वेगळे करण्यात आहे. पट्ट्यावर चालायला कुणीही यावं. पट्टा बांधायचा तो शिकलेल्यानेच. आणि थांबवायचं कुणीही. बहुतेक गटांची गल्लत अशी होते, की जो बांधतो तोच चालायचा क्रम ठरवतो आणि थांबवायचा हक्कही आपल्याकडे ठेवतो. बांधण्याबाबत जितकं कडक राहता येईल तितकं राहा. नव्या माणसाने आधी चार-सहा सकाळी नुसतं बघावं, मग जाणत्याच्या देखरेखीखाली बांधावं, मग स्वतः बांधून दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. हा टप्पा ओलांडल्याशिवाय बांधण्यासाठी रॅचेटला हात नाही; तो अगदी गटाच्या संस्थापकाचा जिवलग मित्र असला तरी नाही. संस्थापकाने बांधलेला पट्टाही दुसऱ्याने तपासल्याशिवाय खुला होत नाही. पाऊल कसं टाकावं, हात कुठे असावेत, नजर कुठे ठेवावी, या शिकवणीत वस्तादाचा मान तसाच राहू द्या. पट्ट्याला मात्र वस्ताद कळत नाही, त्याला फक्त ताण कळतो.

नवखा उगाचच थांबवेल, सकाळची वेळ वाया जाईल, असंही कुणी म्हणेल. जाईल, दोन-तीन मिनिटं जातील. त्या मिनिटांत जाणत्याने त्याला रॅचेट उघडून दाखवावं, वेढे मोजून दाखवावेत. शंका चुकीची निघाली तर तो त्याचा पहिला धडा झाला, आणि बरोबर निघाली तर कुणाचा तरी पाय वाचला. एकच काळजी घ्या: चुकीची शंका काढणाऱ्याला कुणी हसता कामा नये. एकाला हसलं की बघणारे दहा जण तोंड मिटून घेतात, आणि ती दहा तोंडं पुन्हा उघडायला महिने लागतात.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी दिसावी, ते जवळून बघू. बांधणारा एका झाडापाशी उभा राहून बोट ठेवत मोठ्याने बोलतो: झाड, गोणपाट, फास, शॅकल, पट्टा. मग पट्ट्याच्या बाजूबाजूने चालत, त्याला पीळ पडलाय का ते बघत, दुसऱ्या झाडापर्यंत जातो: रॅचेट, वेढे, मिटलेला दांडा, मागचा जोड-पट्टा, फास, गोणपाट. त्याच्या मागोमाग त्या दिवशीचा सर्वांत नवा माणूस त्याच वस्तूंना हात लावत, तीच नावं उच्चारत येतो. नाव आठवलं नाही तर विचारतो. मग दोघं जण पट्ट्याच्या मधोमध बसून हलकेच झोके घेतात आणि उरलेले बाजूला उभे राहून दोन्ही टोकं निरखतात. त्यानंतरच पहिलं पाऊल. या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात. वहीत तारीख, बांधणाऱ्याचं नाव आणि तपासणाऱ्याचं नाव लिहायचं. पट्ट्यालाही चिठ्ठी शिवून त्यावर विकत घेतल्याची तारीख लिहायची, म्हणजे तो किती उन्हाळे खाऊन बसलाय ते नंतर कुणाला विचारायला लागत नाही.

पट्ट्याच्या बाबतीत सोलापूरसारखं नशीबवान शहर दुसरं नसेल. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा हा पट्टा शेवटी विणलेलं कापडच आहे, आणि यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली घरं या शहरात गल्लोगल्ली आहेत. उभा धागा कुठे तुटलाय, किनार कुठे कुरतडलीय, घासून कुठे लव आलीय, हे मागावर आयुष्य घालवलेल्या माणसाची बोटं डोळ्यांआधी ओळखतात. तुमच्या गटातल्या एखाद्याचे वडील किंवा आजोबा मागावर असतील, तर महिन्यातून एकदा त्यांना मैदानावर आणा आणि पट्टा त्यांच्या हातात द्या. चिमटीत धरून इंचाइंचाने पुढे सरकवत त्यांनी तो तपासावा, आणि पोरांनी शेजारी बसून शिकावं. कडक झालेला, वितळल्यासारखा गुळगुळीत ठिपका लागला, तर तिथे घर्षणाने धागे भाजलेत. किनार कापलेली दिसली तर पट्टा बाद. रंग उडाला असेल तर सोलापूरच्या उन्हाने धाग्याचा जीव खाल्लाय असं समजा. बाद पट्टा टाकून देऊ नका. कात्रीने त्याचे हातभर तुकडे करा, नाहीतर तो कुणीतरी उचलून दुसरीकडे बांधेल. नवा पट्टा घेताना लेबलवर दोन आकडे असतात, सुरक्षित वापराच्या भाराचा आणि तुटण्याच्या भाराचा. मोठा आकडा बघून भुलायचं नाही. आपला हिशेब पहिल्या, लहान आकड्याच्या बराच आत बसायला हवा.

झाडाच्या बाबतीत मात्र आपल्याला जास्त सावध राहावं लागेल, कारण इथे सावली मोलाची आहे. पट्ट्याला कमीत कमी फूटभर जाडीचा, निरोगी, जिवंत बुंधा हवा. कडुलिंब आणि चिंच ही आपली भरवशाची झाडं. गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, शेवग्याचं तर विचारूच नका. पट्टा थेट सालीवर कधीच नाही. सालीच्या आतच झाडाचा अन्नरस वाहतो; तिथे पट्टा रुतला तर झाड आतून उपाशी मरतं. म्हणून दुहेरी गोणपाट किंवा जुन्या सतरंजीची जाड घडी बुंध्याभोवती पूर्ण गुंडाळायची आणि फास रुंद ठेवायचा. महाराष्ट्राच्या नागरी भागासाठी असलेल्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड ‘तोडणे’ या शब्दात त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे, हे ध्यानात असू द्या. बागेत किंवा मैदानावर बांधण्याआधी महापालिकेकडे, महाविद्यालयाच्या आवारात प्राचार्यांकडे लेखी परवानगी मागा. अर्जासोबत गोणपाट गुंडाळलेल्या बुंध्याचा फोटो जोडा. झाडाची काळजी घेणाऱ्या माणसाला लोक सहसा नाही म्हणत नाहीत. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिथल्या बुरुजाला, खांबाला किंवा आतल्या झाडाला पट्टा लावायचा विचारही नको. आणि लांब पट्ट्याची हौस आली तरी नान्नजच्या माळाकडे वळू नका. माळढोकसाठी राखलेला तो प्रदेश आहे, आणि आडवी ताणलेली तार या पक्ष्याला वेळेत दिसत नाही, हे विजेच्या तारांनी पुरेसं दाखवून दिलंय.

झाडं नसतील तिथे खांब पुरून पट्टा बांधू, असं काहींना सुचेल. सोलापूरच्या काळ्या मातीत हा बेत धोक्याचा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात घट्ट बसलेला खांब एप्रिलमध्ये दातासारखा हलू लागतो. खांबच हवा असेल तर पाया अभियंत्याकडून आखून घ्या, हौसेवर सोडू नका. शिवाय उन्हाळ्यात हीच जमीन पडणाऱ्यासाठी दगडासारखी टणक असते आणि पावसात चिकट-निसरडी. शिकाऊंसाठी पट्ट्याखाली गवत किंवा मोकळी वाळू असलेली जागा शोधा, नसेल तर जुन्या गाद्या अंथरा. पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत सहा ते आठ एवढीच सकाळ आपली. नंतर रॅचेटचं लोखंडही हाताला चटका देतं. प्रत्येकाची पाण्याची बाटली आणि गटाच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, हे पट्ट्याइतकंच आवश्यक सामान समजा.

ताणलेला पट्टा सोडून कुणीही, अगदी चहाला म्हणूनही, जाऊ नये. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली तरी वाचतो. ताणलेली आडवी रेष वेगात येणाऱ्याला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. झुंजुमुंजू उजेडात पळायला येणाऱ्याला गुडघ्याएवढ्या उंचीवरचा पट्टाही तसाच दिसत नाही. पायवाट सोडून बांधा, पट्ट्याला रंगीत फडकी लावा आणि एक जण कायम पहाऱ्याला ठेवा.

आता स्वागताकडे, म्हणजे त्याच मुद्द्याच्या दुसऱ्या बाजूकडे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा एका चौकात ऐकू येतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातला मुलगा घाबरला की त्याच्या तोंडून तेलुगूच निघणार. म्हणून पहिल्याच सकाळी सगळ्यांनी चार शब्द शिकून घ्यावेत: थांब, आगू, निल्लू, रुको. यातला कोणताही शब्द कानावर पडला की पट्ट्यावरचा माणूस खाली उतरतो, रॅचेटवरचा हात बाजूला होतो, आणि मगच काय झालं ते विचारलं जातं. दुसऱ्याच्या भाषेतला एक शब्द शिकण्याने मैत्री होते हे खरंच. इथे तो शब्द जीव वाचवणाराही आहे. मुलींच्या बाबतीतही हेच. सोबत येणारी दुसरी कुणी नसेल तर मुलगी एकदा येते, दुसऱ्यांदा येत नाही. त्यामुळे बांधायला शिकलेल्यांमध्ये पहिल्या महिन्यापासून निम्म्या मुली असतील असं बघा. हात धरून तोल सावरून देताना आधी विचारा, आणि हातापेक्षा खांदा पुढे करा. ज्याला आधार हवा तो आपणहून खांद्यावर हात ठेवेल. विचारल्याशिवाय कुणाचा व्हिडिओ काढायचा नाही. रीलसाठी आणखी एक उडी मारायचा आग्रह झाला, की ‘थांब’ म्हणायचा हक्क पहिल्यांदा तिथेच गळून पडतो.

तोल साधण्याची कला या मातीला नवी नाही. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सिद्धेश्वरांचे सात उंच नंदीध्वज पेलत शहरातल्या 68 लिंगांना प्रदक्षिणा घालतात. त्यामागे कित्येक दिवसांचा सराव असतो, आणि पेलणाऱ्याभोवती त्याचा भार घ्यायला तयार असलेले सोबती असतात. ती भक्ती आहे, खेळ नव्हे, हे भान ठेवून तिच्याकडून एवढं शिकावं: तोल एकट्याचा दिसला तरी तो एकट्याने सांभाळला जात नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी घडवलेला मल्लखांब हा दुसरा वारसा. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकवला. सगळ्यांना दार उघडलं की सुरक्षितता सैल होते, असं म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा. ज्या विद्यार्थिनीला दिसत नाही, तिला शिकवताना शिक्षकाला प्रत्येक पकड शब्दांत सांगावी लागते, प्रत्येक वेळी स्पर्शाने तपासावी लागते. त्या सवयीने डोळस मुलांची पकडही अधिक पक्की तपासली जाते.

आणि तिसरा वारसा डोंबाऱ्यांचा. तो सांगताना मन अवघडतं. पिढ्यान्‌पिढ्या भर रस्त्यात दोरावर चालणाऱ्या या माणसांकडे आपण चार नाणी टाकून पाठ फिरवली. याच शहरात इंग्रजांनी कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना काटेरी कुंपणात डांबलं होतं. 1952 मध्ये तो कायदा गेला, ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव मात्र राहिलं. आज त्याच दोराचा रंगीत पट्टा करून आपण त्याला खेळ म्हणणार असू, तर भटक्या-विमुक्तांच्या वस्तीतली मुलं आपल्या मैदानावर प्रेक्षक म्हणून कडेला उभी राहता कामा नयेत. त्यांना शिकायला बोलवा. त्यांच्यातला एखादा दोरावरचा जाणता माणूस तयार असेल तर त्याला शिकवायला बोलवा, योग्य मानधन देऊन. कुणाही मुलाकडून पैशासाठी कसरत करून घ्यायची नाही, हा नियम त्याचबरोबर ठेवा.

हे सगळं वाचून एखादा तरुण म्हणेल, एवढे नियम केले तर मजा कुठे उरली? त्याने दहीहंडीकडे बघावं. थर किती लावायचे, त्यावर कोणत्या वयाच्या मुलांना चढवायचं, हे मंडळांनी वेळेत आपसात ठरवलं नाही. मग 2014 पासून तो वाद उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयात फिरत राहिला, आणि 2017 मध्ये 14 वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवणार नाही अशी हमी राज्य सरकारला उच्च न्यायालयात द्यावी लागली. आपले नियम आपण केले नाहीत, तर एखाद्या अपघातानंतर दुसरा कुणीतरी करतो, आणि त्याला खेळातलं काही कळत असेलच असं नाही. पालकांची शंका याच्या उलट असते: यातून पोराला मिळणार काय? इथे प्रामाणिक राहा. 2017 मध्ये स्लॅकलाइनवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. पट्ट्यावर सराव केल्याने पट्ट्यावरचा तोल चांगलाच सुधारतो, पण इतर प्रकारच्या तोलावर त्याचा परिणाम मर्यादित राहतो, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा एकाग्रता वाढेल, मार्क वाढतील, असली जाहिरात करू नका. मूल सकाळी उठून मैदानावर येईल, पडेल, उठेल, चार भाषांतली मुलं त्याची मित्र होतील, एवढं सांगितलं तर ते खरं आहे आणि पुरेसंही. लहान मुलांसाठी पट्टा आणखी खाली आणि आखूड ठेवा, दोन्ही बाजूंना एकेक मोठा माणूस उभा करा, आणि पडताना हात टेकण्याऐवजी पायांवर उतरायला आधी जमिनीवरच शिकवा. घोटा सुजला तर चोळू नका. पाय उंच ठेवून थंड फडकं बांधा. हाड वाकडं दिसलं, डोक्याला किंवा मानेला मार लागला, तर हलवाहलव न करता 108 ला फोन करा, आणि मैदानाचा नेमका पत्ता वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा.

पैशाचा प्रश्न लहान वाटतो, पण थांबवण्याच्या हक्काशी तो थेट जोडलेला आहे. पट्टा एकाच्या मालकीचा असला की ‘माझा पट्टा’ हे शब्द कधी ना कधी येतात, आणि मालकाला थांबवणं अवघड जातं. भिशीसारखी दरमहा थोडी वर्गणी काढून सामान गटाचं करा. ज्याला वर्गणी जमत नाही त्याच्याकडे गोणपाटं धुऊन वाळवण्याचं किंवा वही सांभाळण्याचं काम द्या, आणि ते काम वर्गणीइतकंच धरा.

सकाळी आठला आवरताना घाई होते, शाळा-कॉलेजची वेळ झालेली असते, आणि चुका नेमक्या तेव्हा होतात. पट्ट्यावर कुणी बसलेलं नाही आणि रेषेत कुणी उभं नाही हे पाहून, ‘सोडतोय’ असं मोठ्याने म्हणून मगच रॅचेट उघडायचं. ते सुटताना झटका देतं. पट्टा झटकून, सावलीत गुंडाळून पिशवीत. गोणपाट काढल्यावर सर्वांत नव्या माणसाने दोन्ही बुंध्यांवरून तळहात फिरवायचा. साल कुठे दबली किंवा सोलली असेल तर ते वहीत लिहायचं, आणि ते झाड महिनाभर सोडून द्यायचं. त्याखाली त्यानेच सही करायची, मग ती तेलुगूत असो की कन्नडमध्ये.